गादी कुठं हाय?

मुखेड, ९ नोव्हेंबर

लुंबे, जयभीम.

पहिल्या चार ओळी तुझ्यासाठी न्हाईत. रत्नम्माबाई, नमस्कार. तुम्ही होस्टेलच्या वॉर्डन, पोरींची पत्रं आधी तुम्ही फोडून वाचता असं लुंबिनी सांगत होती. वाचा, बिलकुल वाचा. मी सुगत, तिचा मावसभाऊ, सख्ख्या मावशीचा. ह्यात तसलं काहीच न्हाई. फक्त चष्मा लावून वाचा, माझं अक्षर कोंबडीनं अंगण उकरल्यासारखं हाय.

हां, आता तू. दिवाळी करून तू लातूरला क्लासला परत गेलीस, मोबाईल बाईंच्या कपाटात गेला, आन् इकडं काय होऊन राहिलंय ते तुला कळायला मार्गच न्हाई. म्हणून दहावीच्या पेपरनंतर पहिल्यांदा पेन हातात धरलं. बोटं दुखून राहिली.

पाकिटात फोटो हाय. पुढचं वाचायच्या आधी तो बघ.

बघितला? तूच हायस ती! बाजार समितीचा लिलावाचा ओटा, मागं सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी, आन् तू आभाळात. हात पसरलेले, वेणी उभी राहिलेली, आपल्या गल्लीतल्या संघपालदादानं पुण्याहून आणलेला स्केटबोर्ड पायाखाली असा चिकटलेला, जसा काही जन्मल्यापासून तुझ्याच पायाला हाय. मी जमिनीवर उताणा पडून काढला. शर्टाला शेण लागलं, पण फोटो बघ.

स्टुडिओत आमच्या मालकाला, ग्यानोबाकाकाला दाखवला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितला. मग बोलले, "सुगत्या, दोन वर्षं तू पासपोर्टचे फोटो काढून राहिलास, त्यातबी गिऱ्हाइकाचे डोळे मिटलेले. हे कुठून आलं?"

तुझ्या आईला दाखवला. मावशी म्हणती, "एका बुटाला काळी नाडी, एकाला पांढरी. लोक काय म्हणतील?"

मी तो फोटो इंटरनेटवर एका पानाला पाठवलाय. 'चाकं आणि आभाळ' असं नाव हाय. असल्या चाकाच्या फळीवर खेळणाऱ्या पोरापोरींचे फोटो टाकतात. वर्षातून एकदा पोरींच्या फोटोंमधला एक निवडतात आन् तिला नवी कोरी फळी देतात. आपल्याला काय, दिला पाठवून.

तुझा दादा (तीनच महिन्यांनी मोठा का असंना),
सुगत


लातूर, १६ नोव्हेंबर

सुग्या, जयभीम.

पत्र फोडलेलंच मिळालं. कोंबडीच्या ओळीवर बाईंनी लाल पेनानं बरोबरची खूण केलीय.

फोटो फिजिक्सच्या पुस्तकात ठेवलाय. आज क्लासमधे सरांनी तीनदा नाव घेतलं तरी ऐकू आलं न्हाई, मी तो बघत होते. माझी रूममेट तनुजा म्हणाली, "ही तू? तू तर जिना उतरताना बी कठडा धरतेस." लई भारी वाटलं रे. खरंच.

मग रात्रीच्या जेवणाला रांगेत उभी होते आणि एकदम ध्यानात आलं. सुग्या, गादी कुठं हाय?

ओट्याखाली तुमच्या घरची लाल पट्ट्याची गादी होती. आपण दोघांनी डोक्यावर धरून आणली होती, चौकात सगळे हसले होते. मी त्या गादीवर पडले. सपशेल, पाठीवर. फळी हमालाच्या गाड्याखाली गेली आणि तिथं झोपलेलं कुत्रं केकाटत पळालं. फोटोत नुसती माती हाय, झाडून काढल्यासारखी. आणि ओटा माझ्या कमरेएवढा हाय, फोटोत मी पाण्याच्या टाकीवरून उडाल्यासारखी दिसते.

मी फळीवर उभी उतरले नव्हते, पडले होते. फोटो आपल्या घरात ठीक हाय. बाहेर कुणाला दाखवू नको. त्या पानाला पाठवलाय तो परत मागव.

लुंबिनी


मुखेड, २५ नोव्हेंबर

लुंबे, जयभीम. बाई, जयभीम.

उशीर झाला. मुखेडात आता फोटो बघायचा राहिलाय फक्त तुझ्या हमालाच्या कुत्र्यानं.

सुरुवातीपासून सांगतो. त्या पानावाल्यांनी फोटो निवडला! हजारो लोकांनी बघितला. निवडायच्या आधी त्यांनी काय काय विचारलं, मी काय काय सांगितलं, ते सोड. नवी फळी जानेवारीत येणार. खाली कुणी लिहिलंय, 'मराठवाड्याची वाघीण'. कुणी लिहिलंय, 'मुखेड कुठं आलं?' त्याला मी उत्तर दिलं, 'लुंबिनीच्या पायाखाली.'

मग फोटो बजरंगभाऊंपर्यंत गेला. बजरंगभाऊ माहीत हाय ना, मित्रमंडळाचे अध्यक्ष, कुणाचं बारसं असो का बारावीचा निकाल, फ्लेक्सवर स्वतः असतातच. ते स्टुडिओत आले आन् बोलले, "मोठा छाप." आता बसस्टँडसमोर तू हायस. म्हणजे एका कोपऱ्यात तू हायस, बाकी गॉगल घातलेले बजरंगभाऊ हायत. 'आमची शान, मुखेडची उडान.' सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की बाजार समितीत तुझा सत्कार. शाल, नारळ, आन् सगळ्यांसमोर तू तीच उडी मारून दाखवायची. भाऊंनी बॅन्डवाल्याला बी सांगून ठेवलंय.

गादीचं म्हणशील तर हाव, पुसली. मोबाईलवर बोटानं घासली, गेली. त्यात काय एवढं? आपल्या स्टुडिओत कोट एकच हाय, कंप्युटरमधला निळा. तालुक्यातल्या अर्ध्या नवरदेवांच्या अंगावर तोच हाय. वारलेल्या म्हाताऱ्यांना बी तोच. जन्मभर ज्यानं बंडी सोडून काही घातलं न्हाई तो भिंतीवर कोटात बसून राहिलाय आन् घरचे रोज हार घालून राहिलेत. कुणी आलं का भांडायला, की आमच्या आज्याला कोट कामून घातला म्हणून? उलट चहा पाजतात.

तुला मी हवेचा कोट घातला, बस्स.

सुगत


लातूर, २ डिसेंबर

सुगत,

सुग्या लिहिणार न्हाई आज.

कोटातला आजोबा बघून कुणी कोट घ्यायला पळत न्हाई. फळीचं तसं न्हाई. फळीच्या फोटोत हवा दिसते, जमीन दिसत न्हाई. उतरलेली आणि पडलेली, दोघी हवेत सारख्याच दिसतात. म्हणून फोटो काढणाऱ्याला विचारतात, उतरली का? तो सांगंल ते खरं धरतात. पुराव्याचं दुसरं काही साधन न्हाई त्यांच्यापाशी. संघपालदादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना, तू बी होतास: उतरली न्हाई तर फोटो आपल्यापाशी ठेवायचा, कितीबी भारी असंना.

त्या पानावाल्यांनी तुला नक्की हेच विचारलं असणार. 'ते सोड' म्हणतोस. न्हाई सोडत. काय सांगितलंस? हाव का न्हाई, एका शब्दात लिही.

कुठंतरी एखादी पोरगी खरंच उतरली असंल. तिचा फोटो माझ्याएवढा भारी आला नसंल. ती फळी तिची हाय.

आणि माझं बी ऐक. वर्षभर मी पडत राहिले. कोपराला खूण हाय, गुडघ्याला हाय, हनुवटीखाली हाय ती तर आईला अजून दारात पाय घसरला म्हणून ठाऊक. कुणी म्हणलं पोरीची जात, कुणी म्हणलं नीट परीक्षेचा अभ्यास सोडून हे काय. तरी मी जात होते. कारण एक दिवस उतरणार होते. आता सगळं गाव म्हणतंय, उतरली. मग मी सव्वीस तारखेला काय करू? सगळ्यांच्या समोर पडू?

लोक बॅन्ड लावून मला खोटी ठरवतील, तुला न्हाई.

फळी इकडं पाठव. तू खरं सांगणार नसशील तर मला उतरावं तरी लागंल.

लुंबिनी


मुखेड, १० डिसेंबर

लुंबे,

हाव.

एका शब्दात लिही म्हणालीस, लिहिलं. त्यांनी विचारलं 'उतरली का', मी लिहिलं 'हाव'. वर हसणारं तोंड बी टाकलं.

आता नाराज होऊ नको. तू उतरलीस की माझं हाव मागच्या तारखेपासून खरं होतंय. तहसीलमधे लोक दाखले बी असेच काढतात.

फळी एसटीच्या पार्सलनं पाठवली. होस्टेलात असली वस्तू चालत नसंल म्हणून जुन्या साडीत गुंडाळून वर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'पोळपाट. नाजूक.' कंडक्टरनं विचारलं, "एवढा लांब पोळपाट?" मी म्हणलं, "लातूरला लांब पोळ्या करतात, मामा."

आता हे बाई वाचणार हे माझ्या ध्यानात आलं, पण पान वाया घालवायचं न्हाई.

बाई, तो पोळपाटच हाय.

सुगत


लातूर, १४ डिसेंबर

चि. सुगत यास,

रत्नम्मा, वॉर्डन, लिहिते. माझं माहेर देगलूरच्या पल्याड, घरात कन्नड, तेव्हा मराठीत चूक झाली तर हसू नये. तुझ्या मराठीला मी हसले नाही.

पार्सल मिळालं. मी तीस वर्षं पोळ्या लाटते. पोळपाटाला चाकं असतात हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पोरींसमोर साडी सोडली आणि तो पोळपाट माझ्या पायावरून निघाला तो थेट स्वयंपाकघरात गेला. अय्यो, स्वयंपाकीणबाई स्टुलावर चढली. अजून उतरायला तयार नाही.

फळी जप्त केली आहे. माझ्या कॉटखाली आहे.

तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत, तेव्हा लपवण्यासारखं तुझ्यापाशी काही उरलेलं नाही. तुला एकच सांगायचं. लुंबिनी चार दिवस नीट जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, "गावात माझ्या नावाचं खोटं कौतुक लागलंय." माझ्या होस्टेलात मार्क कमी पडले म्हणून न जेवणाऱ्या पोरी पुष्कळ बघितल्या. जास्त पडले म्हणून न जेवणारी ही पहिलीच.

म्हणून असं ठरवलं. रविवारी आम्ही सगळ्या गाद्या मागच्या अंगणात उन्हात घालतो. तिथं ओटा आहे. दुपारी एक तास, मी समोर उभी असताना, तिला फळी मिळेल. अभ्यास बुडाला तर फळी चुलीत जाईल.

आणि तुझं ते मागच्या तारखेपासून खरं होणारं हाव. उद्या माझी पोरगी पेपर न लिहिता म्हणाली की पुढच्या वर्षी लिहीन, आत्ताच मार्क द्या, तर मी काय करू ते तूच सांग.

रत्नम्मा


मुखेड, २३ डिसेंबर

लुंबे, जयभीम. बाई, तुम्हाला बी.

हे पत्र विनोदाचं न्हाई. म्हणजे शेवटी हाय थोडा, पण आधी ऐक.

ग्यानोबाकाकाची नात साक्षी, दुसरीतली, माहीत हाय ना, जी मला 'फोटोमामा' म्हणती. तिनं बेअरिंगची चाकं लावलेली फळी घेतली आन् परवा दुपारी एकटीच बाजार समितीच्या ओट्यावर गेली. ओटा तुझ्या कमरेएवढा, तिच्या गळ्याएवढा. उडाली.

घाबरू नको, बरी हाय. ओठ फुटला, समोरचा एक दात गेला. दुधाचाच होता, हलत बी होता. डॉक्टरनं औषध लावून घरी पाठवलं. पण हमालानं तिला उचलून स्टुडिओत आणलं तेव्हा तोंड सगळं रक्तानं भरलेलं, आन् रडत न्हाई, उलट मलाच समजावून राहिली. "फोटोमामा, मी आधी फ्लेक्स नीट बघितला. लुंबिनीताईनं गादी घेतली नव्हती, म्हणून मी बी घेतली न्हाई."

लुंबे, तुला ठाऊक हाय, मला मयतीला बी हसू येतंय. तेव्हा आलं न्हाई.

काका खाली बसून नातीचं तोंड पुसत होते. त्यांनी दोन थपडा मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिथंच बसून मी त्या पानावाल्यांना लिहिलं. 'लुंबिनी उतरली नव्हती. तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. तिला माहीत नव्हतं, तिनं कळल्यावर लगेच फोटो परत मागवायला सांगितलं होतं. खाली गादी होती, ती मी पुसली. ओटा बुटका हाय, मी झोपून काढला.' त्यांनी फोटो काढून टाकला. फळी आता कोल्हापूरच्या एका पोरीला मिळणार, ती खरंच उतरलीय. तिचा फोटो बघितला. निम्मा अंधारात हाय. पण उतरलीय.

मग प्रश्न राहिला मुखेडचा. मी विचार केला, खोटं जेवढ्या मोठ्या अक्षरात बोललो तेवढ्याच मोठ्या अक्षरात खरं बोलावं लागंल. आपल्याकडं मशीन हायच. काकाला विचारलं. ते म्हणले, "छाप. शाई माझी." बसस्टँडसमोर आता जुन्याच्या जागी नवा लागलाय. चार फोटो हायत, त्या दिवशीचे, एकामागून एक. पहिल्यात तू हवेत, खाली लाल पट्ट्याची गादी. दुसऱ्यात फळी एकीकडं, तू एकीकडं. तिसऱ्यात गादीवर नुसते तुझे दोन पाय वर, एक काळी नाडी, एक पांढरी. चौथ्यात तू उताणी पडून हसून राहिलीस आन् मागं कुत्रं पळून राहिलंय. वर लिहिलंय:

'जाहीर खुलासा. कु. लुंबिनी ओट्यावरून उतरली नसून गादीवर पडली आहे. गादी फोटोग्राफरने पुसली होती. ओटा कमरेएवढाच आहे. लेकरांनी गादीशिवाय उडू नये. पडल्याबद्दल लुंबिनीचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: सुगत, फोटोग्राफर व खोटारडा.'

बसमधून लोक उतरून वाचून राहिलेत. देगलूरच्या गाडीच्या ड्रायव्हरनं तर गाडी थांबवून सगळ्या पॅसेंजरला मोठ्यानं वाचून दाखवलं. मावशी आली, तिनं वाचलं, डोक्यावरचा पदर तोंडात घालून हसली आन् मग बोलली, "हनुवटीची खूण दारातली न्हाई तर." सॉरी, ते तुझं तू बघ.

तेवढ्यात बुलेटवर बजरंगभाऊ. मी मनात म्हणलं, गेलो. भाऊंनी गॉगल काढला, वाचलं, परत वाचलं. मग गर्दीकडं बघितलं. एवढी गर्दी त्यांच्या स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससमोर कधी झाली न्हाई. आवाज बारीक करून मला म्हणतात, "सुगत, ह्याच्यावर माझा फोटो कामून न्हाई?"

सत्कार रद्द न्हाई. भाऊ म्हणले, शाल आणून ठेवलीय, पडली तर पडली. उडी मारायची सक्ती मात्र न्हाई, बॅन्डवाल्याला तसं सांगितलं.

तुझं पडणं पुसलं त्याचा मला माफीचा शब्द नीट लिहिता येईना. तीनदा खोडला. फ्लेक्सच धर.

सुग्या (चालंल का आता?)


लातूर, ४ जानेवारी

सुग्या,

चालंल.

इतकी हसले की तनुजाला वाटलं मॉक टेस्टचा निकाल लागला आणि मी वेडी झाले. बाईंनी तुझं पत्र स्वयंपाकीणबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोळपाटवाला पोरगा सुधारला.

साक्षीला सांग, मी आले की तिला आधी पडायला शिकवीन. पडायचं बी शिकावं लागतं, मला महिना लागला.

माझं अजून न्हाई. गादी अर्धी बाजूला सरकवलीय. अर्ध्या गादीवर पडलं की पूर्ण लागतं.

लुंबिनी


लातूर, १८ जानेवारी

सुग्या सुग्या सुग्या,

उतरले!

थांब, नीट सांगते. दुपारी सगळ्या गाद्या अंगणात, दोरीवर चादरी, पोरी बायोलॉजीची वह्या-पुस्तकं घेऊन ओळीनं बसलेल्या, बघतात माझ्याकडं आणि तोंडानं पाठांतर. मी पडले. परत पडले. मग बाई उठल्या, म्हणाल्या, "साकु." म्हणजे त्यांच्या भाषेत पुरे. मला वाटलं फळी चुलीत चालली. तर त्यांनी गादीचं टोक धरलं आणि स्वतः ओढून बाजूला नेली. म्हणाल्या, "तुझं अर्धं लक्ष गादीकडं आहे. आता उड नाहीतर अभ्यासाला बस."

मी उडाले. खाली फरशी आली, चारही चाकं एकदम वाजली, गुडघे वाकले, आणि मी उभीच! फळी पुढं निघाली, मी तिच्यावर. एवढे दिवस फक्त उतरायचं ध्यानात होतं, उतरल्यावर थांबायचं कसं ते कुणी सांगितलंच नव्हतं. तशीच गेले सरळ दोरीवरच्या चादरीत. चादर, दोरी, मी, सगळं एकात एक. आतून मला नुसत्या पोरींच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. बाईंनी चादर सोडवली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. विचारलं तर म्हणाल्या, चादर नवी होती.

फोटो बाईंनी त्यांच्या मोबाईलवर काढलाय, स्टुडिओच्या नंबरवर टाकतील. आधीच सांगते, तुला चक्कर येईल. माझं डोकं न्हाई त्यात, मानेपासून खाली हाय. एका कोपऱ्यात बाईंचं बोट हाय. आणि मी उडत बी न्हाई, नुसती फळीवर उभी हाय, फळी जमिनीवर. बघणारा म्हणंल, उभी हाय, त्यात काय. पण सुग्या, तो उतरल्यानंतरचा फोटो हाय. तसला आपल्यापाशी एक बी नव्हता.

एक गोष्ट लिहून ठेव. इथला ओटा मुखेडच्या ओट्यापेक्षा वीतभर बुटका हाय. कुणी विचारलं तर सांगायचं. न विचारलं तरी सांगायचं.

तू फोटोला हात लावायचा न्हाई.

लुंबिनी

ता.क. मी बघितलं. चारही चाकं जमिनीवर आली, पोरगी उभी राहिली, पुढं गेली, त्यानंतर चादरीत गेली. हा माझा शब्द. कुणाला विचारायचं असेल त्यांनी मला विचारावं, जेवणाची वेळ सोडून. — रत्नम्मा


मुखेड, २७ जानेवारी

लुंबे, जयभीम! बाई, तुम्हाला कडक जयभीम!

फोटो आला. काका आन् मी दोघं कंप्युटरसमोर बसलो. काकाचा हात माऊसवर, सवयीनं शिवशिवून राहिलेला. म्हणले, "बोट पुसू का रे, एका मिनिटाचं काम. डोकं बी लावता येईल, लुंबिनीचं बारावीच्या फॉर्मचं हाय आपल्यापाशी." मी माऊस काढून खिशात घातला. दिवसभर खिशातच होता, दोन नवरदेव बिनकोटाचे परत गेले.

पानावाल्यांना जसा आला तसा पाठवला. ओटा वीतभर बुटका, हे बी लिहिलं. त्यांनी मलाच उलटं विचारलं, 'ह्या वेळी शब्द कुणाचा?' मी बाईंचं ता.क. पाठवलं. काल त्यांनी टाकला. खाली लिहिलंय, 'उतरली. शब्द: रत्नम्मा, होस्टेल वॉर्डन.' कोल्हापूरच्या त्या पोरीनं पहिली शिट्टी वाजवली, म्हणजे टाईप केली. आन् मला त्यांनी वेगळं कळवलंय, 'पुढचा फोटो पाठव. आम्ही विचारणार मात्र.' मी म्हणलं, विचारा.

काल तुझी टेस्ट होती म्हणून शाल मावशीनं घेतली. स्टेजवर मागं बाईंनी काढलेला फोटो मोठा करून लावलेला, बजरंगभाऊ बाजूला, आन् अख्ख्या फ्लेक्सवर डोकं फक्त भाऊंचं. खालून कुणीतरी ओरडलं, "ही लुंबिनीच कशावरून?" मावशीनं माईक घेतला. माझी मावशी, जी ग्रामसभेत बी तोंड उघडत न्हाई. म्हणली, "नाड्या बघा." सगळ्यांनी बघितल्या. एक काळी, एक पांढरी. बॅन्डवाल्यानं न सांगता वाजवलं.

कार्यक्रम सुटल्यावर साक्षी फ्लेक्ससमोर कंबरेवर हात ठेवून उभी. आता कुठलाबी फोटो ती तपासल्याशिवाय सोडत न्हाई, लग्नाचे अल्बम बी.

"फोटोमामा, ताईचं डोकं कुठं हाय?"

"लातूरला. अभ्यास करून राहिलंय."

"आन् गादी कुठं हाय?"

मी दाखवणार तेवढ्यात तिलाच दिसली. बाईंच्या बोटाच्या खाली, कडेला, अर्धी. बाजूला ओढलेली. तिनं पडलेल्या दाताच्या फटीतून जीभ बाहेर काढली, विचार केला, आन् मान हलवली. "हाय. मग खरं हाय." मग म्हणली, "आता माझा काढ."

काढलाय, पाकिटात हाय. डोक्यावर काकाचं मोटरसायकलचं हेल्मेट हाय म्हणून चेहरा दिसत न्हाई, नुसती दाताची फट दिसती. तिनं स्वतः मागं लिहायला लावलं, एकेक शब्द सांगून, मी फक्त पेन धरलं:

'साक्षी. पडली. गादी हाय. ओटा न्हाई, उंबरा हाय. लई मज्जा आली.'

सुग्या